खंडेनवमीला येणाऱ्या सुऱ्या

आठ वर्षांपूर्वीची खंडेनवमी. वेळ सकाळी दहाची. ठिकाण अमरावतीत बडनेरा रोडच्या आतल्या गल्लीतलं वानखडे सरांचं मागचं अंगण. रक्कम बाराशे रुपये, पांढऱ्या पाकिटात. बाकी मंडळी अजून यायची होती, हजर माणसं चार: वानखडे सर, त्यांच्या पत्नी मालूकाकू, माझी बायको सुनंदा आणि मी. मी पाकीट पुढे केलं. सरांनी ते घेतलं, नोटा मोजल्या, परत आत घातल्या आणि पाकीट माझ्याच शर्टाच्या खिशात खोचलं.

"हे काहून आनलं?"

"सुरीचे, सर."

"सुरी विकली कुठं मी? इश्यू केली. पुढच्या खंडेनवमीले परत आनायची. मी तपासीन, धार लावीन, पुन्हा इश्यू करीन. हरवली तर दंड हाय. तेव्हा आना हे पाकीट."

सर एका कॉलेजात एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं, पण जगाकडे बघायची त्यांची रीत तीच होती. जगात दोन प्रकारची माणसं, घेतलेली वस्तू परत आणणारी आणि न आणणारी. मी पतसंस्थेत हिशेब लिहितो, त्यामुळे ही वाटणी मला लगेच पटली. बाराशेचा आकडाही मी हवेतून काढला नव्हता. पोलाद, कोळसा, तेल, मुठीचं लाकूड आणि साधारण पंधरा तासांची मजुरी, असा धरला होता. सरांना ते सांगितलं, तर म्हणाले, "मजुरी? माया छंदाची मजुरी तुमी लावता? मंग चालायले जाता थ्याचीही लावा."

गल्लीत आमचं घर त्यांच्या घराला लागून. ओळख झाली ती ओव्हनमुळे. आम्ही राहायला आलो त्याच महिन्यात एका दुपारी सर दारात उभे. उंच, किंचित वाकलेले, चष्म्याला दोरी, दोन्ही हातांवरचे केस जळालेले. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"तुमच्याकडे केक करायचं ओव्हन हाय म्हणे. दोन तास पायजे. दोनशे डिग्री."

सुनंदाला वाटलं, मालूकाकूंना नानकटाई करायची असेल. तिनं हो म्हटलं. सरांनी फडकं सोडलं तर आत चार काळपट पाती. तिनं माझ्याकडे पाहिलं. सरांनी पाती जाळीवर ओळीनं मांडली, घड्याळ लावलं आणि स्वयंपाकघरातच स्टूल ओढून बसले. बसल्या बसल्या त्यांनी आम्हाला जे शिकवलं ते असं. पोलाद लाल करून तेलात बुडवलं, की त्याला पाणी चढतं, म्हणजे ते कडक होतं. पण नुसतं कडक झालेलं पातं काचेसारखं असतं, कधी तुटेल सांगता येत नाही. म्हणून ते परत मंद आचेवर तापवून त्याचा ताठा थोडा उतरवायचा. एकदा तास, थंड करून पुन्हा तास. पात्याच्या घासलेल्या भागावर साध्या वरणासारखा पिवळा रंग आला की झालं.

"एकदा तापवून नाही चालत?" मी विचारलं.

"नाही."

"आणि अजिबात नाही तापवलं तर?"

सर माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "तर पाप लागते." मला ती थट्टा वाटली.

त्यानंतर महिन्यातून एकदा तरी ओव्हन सरांचं. मी मीटरवर पाहून ठेवलं होतं, खर्च फार नव्हता. सुनंदाच्या केकला तिळाच्या तेलाचा वास यायचा एवढंच. आमची मुलं त्याला सरांचा केक म्हणायची.

सरांची भट्टी म्हणजे अर्धा कापलेला ड्रम, आतून माती लिंपलेली, खाली हातानं फिरवायचा पंखा. ऐरण म्हणून भंगारातून आणलेला रुळाचा तुकडा. पोलाद ट्रकच्या कमानीच्या पाट्यांचं. मुठींना जुन्या बैलगाडीच्या चाकातली बाभूळ. ती फोडून, तासून, वर जवसाचं तेल चोळायचे. हे सगळं ते लोहाराकडे जाऊन शिकले नव्हते. ग्रंथालयात रद्दीत निघालेलं एक धातुकामाचं पुस्तक त्यांनी घरी आणलं होतं, बाकी हात भाजून. पहिली दोन वर्षं नुसती वाया गेली, असं ते सांगायचे. लालभडक पात्याला लोहचुंबक लावून बघायचे. चुंबक चिकटेना झालं की बुडवायची वेळ. त्या क्षणी कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. मालूकाकू एकदा चहा घेऊन आल्या आणि "साखर किती" विचारलं, तर एक पातं गेलं. पुढे आठ दिवस ते पातं चहाच्या ट्रेमध्ये ठेवलेलं होतं.

सुरी कुणालाही मिळत नसे. आधी परीक्षा. माणूस आला की मालूकाकू पाट, कांदा आणि घरातली एक सुरी आणून ठेवायच्या. "कापा." सर हाताकडे बघत राहायचे. मनगट कुठं वाकतं, अंगठा कुठं टेकतो, तर्जनी पाठीवर येते का. मग हाताखाली कागद ठेवून पेन्सिलीनं पंजा काढायचे. माझा पंजा काढताना म्हणाले, "कलम धरल्यावानी धरता सुरी. तुमाले सुरी कायले पायजे, तुमी कांद्याची बेरीज करा." शेवटी सुरी केली ती सुनंदाच्या हाताची.

एक मोठे साहेब आले होते, गाडी घेऊन. त्यांना दिवाणखान्यात काचेमागे ठेवायला जांबिया हवा होता, मुठीवर नाव कोरून. किंमत सांगा, म्हणाले. मालूकाकूंनी पाट आणून ठेवला. साहेब हसले, म्हणाले, कांदे कापायला घरी बाई आहे.

"मंग थ्या बाईले पाठवा," सर म्हणाले. "तिच्यासाठी करून देतो."

आणि खरंच, पंधरा दिवसांनी ती बाई आली. लाजत कांदा कापला. सुरी घेऊन गेली. पुढे दर खंडेनवमीला परत येत राहिली, दोन वेळा तर साहेबांच्याच गाडीतून.

खंडेनवमीला हा सगळा गोतावळा जमायचा. ज्या दिवशी लोक हत्यारं, अवजारं, मशिनी पुजतात, त्या दिवशी सरांनी केलेल्या सुऱ्या अंगणात परत यायच्या. भिंतीला लागून एक लांब सागवानी फळी होती. जो तो आपली सुरी फळीवर ठेवायचा. सर एकेक उचलून नखावर धार बघायचे, मालकाला बोलायचे. "ही सुरी हाय का पेचकस? डबे उघडून राहिले काय हिनं?" मग दगडावर लावायची, फडक्यानं पुसायची, फळीवर परत. झेंडू, हळदकुंकू, नारळ, मालूकाकूंचे आलूबोंडे आणि कढी. निघताना आपली सुरी आपणच फळीवरून उचलायची. सर कधी कुणाच्या हातात देत नसत. सुरी कुणाच्या हातात देऊ नये, भांडण होतं, हे आपल्याकडे घरोघरी पाळतात, त्यामुळे त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की भुताखेतांची, मुहूर्तांची टर उडवणारा हा माणूस एवढी एकच गोष्ट कशी पाळतो.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, कारण मोजायची मला सवयच आहे. फळीच्या डाव्या टोकाला एक सुरी मावेल एवढी जागा मोकळी राहायची. एकदा गर्दीत मी तिथं आमची सुरी ठेवली. सरांनी ती उचलून दुसरीकडे सरकवली.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात एका दुपारी मी भिंतीवरून पलीकडे पाहिलं, तर सर अंगणात निंबाच्या सावलीत पाट घेऊन कोहळं चिरत होते. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, बांबूच्या एका खपच्चीला सरळ बांधलेली. मला वाटलं, हात भाजला.

"काय झालं, सर?"

"काही नाही." ते पुढे चिरतच राहिले. सुरी हातातून निसटत होती. दोनदा तर खाली पडली. तिची मूठ मी आधी कधी पाहिली नव्हती अशी होती, मागच्या बाजूला फुगीर आणि वर एक खोलगट पन्हळ. ते थांबले, पेन्सिलीनं मुठीवर खूण केली, कानशीनं घासली, पुन्हा चिरायला लागले. पुढच्या महिन्यात तेच. मूठ बदलली होती, बोटं तशीच बांधलेली. पुढच्या वर्षीही तेच.

मालूकाकूंनी सुनंदाला सांगितलं, सुनंदानं मला. नंतर काकूंनी माझ्यासमोरही सांगितलं.

सरांना एकच धाकटी बहीण, शकुंतला. अकोल्याला दिलेली. नवरा लवकर गेला, तिनं घरी डबे सुरू केले. सकाळ-संध्याकाळ मिळून चाळीसेक डबे. सरांना जमलेली पहिली धड सुरी त्यांनी तिच्यासाठी नेली, कारण दिवसभर चिरणारं माणूस त्यांच्या माहितीत तीच. तिनं म्हटलं, "खाली ठेव दादा, हातात नको देऊ." सर हसले आणि मुद्दाम तिच्या हातातच दिली. चार महिन्यांनी कोहळं फोडताना पातं मधोमध तुटलं. जोरात दाबलेला हात घसरून उरलेल्या पात्यावर गेला. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या. टाके घातले, बोटं राहिली, पण वाकेनात.

"सगळे म्हनत, हातात देल्ली म्हनून झालं," काकू म्हणाल्या. "हे म्हनत, नाही, मी दुसऱ्यांदा तापवली नाही म्हनून झालं. घाई केली. राखी दोन दिवसांवर होती."

पण बहीण तुटली ती यामुळे नाही. ती तुटली दवाखान्यात. सर धावतपळत अकोल्याला पोचले, खाटेपाशी गेले, आणि पहिलं वाक्य बोलले, "तुकडा कुठं हाय? तुटलेली कड पाहू दे मले, दाना कसा हाय तो."

काकू सांगताना डोळ्याला पदर लावत नव्हत्या, उलट थोडं हसतच होत्या. "मी बाजूलेच होते. म्या ह्यायले चिमटा घेतला. पन निंगून गेलं होतं तोंडातून. शकू म्हने, दादा, तुले माया हात दिसून नाही राहिला, लोखंड दिसून राहिलं. आन् तोंड फिरवलं."

मी सरांना ओळखत होतो, त्यामुळे मला ते वाक्य समजलं. तुटलेल्या कडेवर पोलादाचा दाणा दिसतो, तो बारीक की जाड यावरून तापवणं कुठं चुकलं ते कळतं. आपल्या हातून नेमकं काय चुकलं हे कळल्याशिवाय या माणसाला रडताही आलं नसतं. पण टाके घातलेल्या बाईला ते कसं समजणार?

सरांनी फोन केले. ती उचलत नसे. मग ते येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ निरोप द्यायचे. निरोप एकच, "सुरी घेऊन ये, धार लावून देतो." काकू म्हणायच्या, सरळ म्हणा ना, तू ये म्हणून. सर म्हणत, "तेच तर म्हनून राहिलो." त्यांना दुसरे शब्द सापडत नव्हते. आणि बहिणीकडे दर वर्षी निरोप पोचत होता तो सुरीचा.

एकदा ते सीताफळांची पेटी घेऊन अकोल्याला गेलेही. भाच्यानं दार उघडलं, म्हणाला, आई घरी नाही. आतून चिरायचा आवाज येत होता. सर दारातच दोन मिनिटं उभे राहिले, पेटी ठेवली आणि परतीच्या एसटीत बसले. संध्याकाळी आमच्याकडे आले ते उजळलेल्या चेहऱ्यानं.

"हात चालते तिचा," ते मला म्हणाले. तोवर मला सगळं माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. "ठोका आयकला म्या. एकसारखा. खटखटखट. फक्त बोटं वाकत नसतीन. थ्या हाताची मूठ करता येते."

बोटं बांधून कोहळं चिरणं त्यानंतर आणखीच वाढलं. तिच्या हाताचा पंजा कागदावर काढता येत नव्हता, म्हणून त्यांनी आपला हात तिच्यासारखा करून घेतला होता. किती मुठी घासून फेकल्या याचा मी हिशेब ठेवला नाही. शेवटची मूठ जमली ती मागच्या दसऱ्याच्या आधी. पातं दोनदा नव्हे, तीनदा तापवलं. तिन्ही वेळा आमच्याच ओव्हनमध्ये. एरवी बडबड करणारे सर त्या दिवशी स्टुलावर गप्प बसून होते.

त्या खंडेनवमीला त्यांनी ती सुरी फळीच्या डाव्या टोकाला ठेवली. निरोप गेला होता. अकोल्याहून अमरावतीला यायला फार तर अडीच तास. लोक आले, धारा झाल्या, कढी संपली. दुपारी चारला मी दारातून पाहिलं तर सर एकटेच फळीजवळ बसलेले. कुंकू लागलेली बोटं गुडघ्यावर, नजर फाटकाकडे. कुणीतरी बाई वळली की ते उठायचे, ती पुढे गेली की बसायचे. मी हाक मारली नाही. माझ्या मनात सर आहेत ते तसेच, अर्धे उठलेले.

वैशाखात ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले, उठले नाहीत. शकुंतलाबाई आल्या, काकूंजवळ बसल्या, पदरानं हात झाकलेला. भट्टीकडे बघितलंसुद्धा नाही. निघताना काकूंनी त्यांना एवढंच सांगितलं, "शकू, खंडेनवमीले ये."

या खंडेनवमीला कुणाला निरोप नव्हता, तरी लोक आले. सवयीनं सुऱ्या फळीवर ठेवल्या आणि मग एकमेकांकडे बघत उभे राहिले. काकूंनी सरांची ती शेवटची सुरी फळीच्या डाव्या टोकाला ठेवली, त्यांच्या फोटोपुढे नारळ फोडला, सुऱ्यांना हळदकुंकू लावलं. धार लावणारं कुणी नव्हतं. साडेअकराच्या सुमाराला फाटक वाजलं आणि शकुंतलाबाई आत आल्या. साठीच्या, सरांसारख्याच उंच. कापडी पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्राची पुडी काढली आणि फळीवर ठेवली.

आत अर्धी सुरी. तुटली होती तिथं कुणीतरी घासून गोल केलेली. घासून घासून पातं अरुंद झालेलं, मूठ तेलकट काळी.

काकूंनी विचारलं, "हे तू वापरून राहिली?"

"रोज."

"अकरा वर्सं?"

"दुसरी हातात बसतच नाही, वयनी. दादानं केली थेच बसते." त्या फळीकडे बघत म्हणाल्या. "मले वाटे, दादा लोखंडासाठीच बलावून राहिला. थे कड पाह्यसाठी. मी म्हनलं, नाही देत जा."

तुटलेल्या जागेचा दाणा पाहायला आता काही उरलंच नव्हतं. कड घासल्याशिवाय ती वापरताच आली नसती, म्हणजे शकुंतलाबाईंनी ती सुरी पहिल्याच वर्षी पाठवली असती, तरी सरांना काही कळलं नसतं.

काकूंनी डाव्या टोकाच्या सुरीकडे बोट केलं. शकुंतलाबाईंनी ती उजव्या हातानं उचलली. दोन ताठ बोटं मुठीवरच्या पन्हळीत जाऊन पडली, जशी म्यानात पडावीत. त्या हाताकडे बघत राहिल्या. काकूंनी पाट आणि कांदा आणून ठेवला. त्यांनी चिरायला घेतलं. एक काप जाड, एक पातळ, एक तिरपा. पाच-सहा काप झाले आणि त्या थांबल्या. मग अर्धी सुरी डाव्या हातात घेतली, आणि उरलेला कांदा बघता बघता बारीक झाला. खटखटखट, एकसारखा. सरांनी दाराबाहेर उभं राहून ऐकला होता तोच ठोका.

"हात बरोबर वळखला त्यानं," त्या म्हणाल्या. "पन हा हात काम नाही करत आता. डावा करते. एकदा आत येऊन पाह्यलं असतं तर दिसलं असतं त्याले."

"तू येऊ देल्लं असतं तर," काकू म्हणाल्या.

"हो."

नवी सुरी शकुंतलाबाईंनी त्याच वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवली.

तेवढ्यात गल्लीत धारवाल्याची सायकल आली. सणासुदीला तो येतोच. सर असेपर्यंत आमच्या गल्लीत त्याला कधी काम मिळालं नव्हतं. शकुंतलाबाईंनी फाटकात जाऊन त्याला थांबवलं आणि अर्धी सुरी सायकलच्या कॅरिअरवर ठेवली. त्यानं ती उलटीपालटी केली.

"बाई, यात काय राहिलं? फेका आता, नवी घ्या."

"नवी हाय. तू हे लाव."

चाक फिरलं, ठिणग्या उडाल्या. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. धारवाल्यानं चाळीस सांगितले, अर्धीच आहे म्हणून तीस घेतले. मी खिशात हात घातला होता, पण शकुंतलाबाईंनी मान हलवली. धारेचे तीस रुपये त्यांनी स्वतः, उजव्या हातानं धारवाल्याला दिले. नोटा अंगठा आणि दोन बोटांत धरल्या होत्या. उरलेली दोन सरळच होती.